पेटीचं पाणी

आमच्या घरात पाण्याचा पहिला मान पेटीचा होता. आधी पेटी, मग आम्ही. आज हे मी हसत सांगते, पण त्या दुष्काळात रोज सकाळी डोक्यावर लहान कळशी घेऊन चर्चकडे जाताना मला अजिबात हसू येत नव्हतं. वस्तीतल्या बाया विहिरीच्या काठावर टँकरची वाट बघत बसलेल्या असायच्या आणि मी त्यांच्या समोरून एका लाकडी वस्तूला पाणी पाजायला निघालेली असायची. कुणी ना कुणी विचारायचंच, "पेटीला तहान लागली का गं?"

ही पेटी म्हणजे पायपेटी. बाकावर बसून दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी वाजवायची. कधीकाळी मिशनच्या लोकांनी आमच्या गावात आणून ठेवलेली. ऊन तापलं की तिचं लाकूड आक्रसायचं, भात्याचं चामडं तडकायचं, आणि मग ती दमेकऱ्यासारखी धापा टाकत वाजायची. त्यावर बाबांचा उपाय ठरलेला होता. पेटीखाली मातीचं पसरट भांडं पाण्यानं भरून ठेवायचं आणि भोवती ओलं पोतं गुंडाळायचं. भांड्यातलं पाणी आटलं की पुन्हा भरायचं. पावसाळा बरा झाला असता तर कुणाचीच हरकत नसती. पण त्या वर्षी मी आणि धाकटा भाऊ अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं, एवढ्यावर आलो होतो.

"पेटी पानी पिऊन राहिली अन् लेकरं तोंड पुसून शाळेत चाललीत," आई म्हणायची. "उद्या तिला भाकर बी वाढा."

बाबा कळशी माझ्याकडे सरकवत. ते आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि दर आयतवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. शाळा हे त्यांचं पोट आणि पेटी हा त्यांचा जीव, असं लोक म्हणत. मला विचाराल तर दोन्हीकडे ते एकच काम करत होते. लोकांना थांबवायचं. सूर कुठे घसरला की उजवा हात वर करायचा आणि म्हणायचं, "थांबा."

हे "थांबा" आमच्या कुटुंबानं किती ठिकाणी सोसलं, काय सांगू. लग्नात नवरी दारात उभी, मंडळी स्वागताचं गीत म्हणताहेत, आणि बाबांचा हात वर. नवरी एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभी राहिली, तोवर बायकांच्या बाजूची ओळ दोनदा घोटून घेतली. एका मयतीला तर मेलेल्या माणसाच्या भावालाच त्यांनी थांबवलं होतं. तो बिचारा रडत गात होता, सूर कुठून लागणार? शाळेत पाढेसुद्धा सुरात. एकदा तपासणीला आलेले साहेब मुलांबरोबर हौसेनं प्रार्थना म्हणायला लागले, तर बाबा अदबीनं हात जोडून म्हणाले, "साहेब, आपण जरा खाली लागून राहिलात." साहेब भला माणूस, हसून गप्प झाला. आई मात्र आठ दिवस धसका घेऊन होती, की आता आपली बदली कुठल्या कोपऱ्यात होते.

खरं तर बदलीच आम्हाला हवी होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, आणि मी सातवीत. पुढची शाळा निलंग्याला. तिकडे जायची एसटी मनात येईल तेव्हा यायची, आणि मुलींनी एसटीनं जाऊन शिकायचं, हे आमच्या गावात अजून कुणी केलेलं नव्हतं. नांदेडला मामा होता, पण त्याच्या दोन खोल्यांत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आईला पोरगी दुसऱ्याच्या दारात ठेवायची नव्हती. म्हणजे बाबांची बदली झाली तर मी आठवीत, नाही झाली तर मी घरात आणि वर्षा-दोन वर्षांत पाहुणे बघायला. माझ्याबरोबर वर्गात असलेल्या दोघींचं तर ठरलंही होतं.

त्यात लातूर नवा जिल्हा झालेला. इतके दिवस प्रत्येक कागदासाठी उस्मानाबाद गाठावं लागे, आता साहेब लोक लातूरला बसायला लागले होते. भाड्याच्या खोल्यांत कचेऱ्या, नव्या पाट्या, जो तो लातूरचं नाव घेणारा. ज्यांना लातूरकडे यायचं त्यांनी सुट्ट्यांच्या आत अर्ज द्यावेत, जागा आहेत, असं बाबांच्या बरोबरचे मास्तर येऊन सांगून गेले. लातूरला मुलींची मोठी शाळा होती. आईनं त्याच दिवशी माझ्या अंगाला माप लावून बघितलं, की जुन्या पातळातून नवा झगा निघेल का.

आणि बाबा म्हणाले, "पेटीला कुणी तयार झालं की देतो अर्ज."

इतकं शांतपणे म्हणाले, की कुणालाही वाटावं, ही आठवडाभराची गोष्ट आहे.

गावात पेटी वाजवणारं दुसरं कुणीच नव्हतं. पास्टर निलंग्याहून महिन्यातून एकदा यायचे, एरवी मंडळीचे, म्हणजे चर्चच्या लोकांचे, कारभारी उपासना चालवायचे. कारभारी म्हणजे वस्तीतले एक वयस्कर गृहस्थ. आवाज भरदार, सूर शून्य. तेव्हा बाबांनी शिष्य शोधायला घेतले. पहिला शिष्य आमच्या चर्चमधलाच शिंपी. बाबांचा हिशोब असा, की याला पाय हलवायची सवय आहे, अर्धं शिक्षण झाल्यातच जमा. पण त्या शिंप्याचे पाय शिलाई मशीनचेच होते. पेटीवर बसला की सुसाट सुटायचा. गाणं संथ असो की दुःखाचं, हा आपला टीप मारत चाललाय. बाबा दर ओळीला म्हणायचे, "थांबा." आणि शिंप्याला थांबता येत नव्हतं, कारण हात थांबले तरी पाय चालूच असायचे. चार-सहा संध्याकाळी सोसून तो म्हणाला, "गुरुजी, मला उसवायला सांगा, काज करायला सांगा, हे न्हाई होत." मग पास्टरबाईंचा नंबर लागला. त्या आठ दिवस गावात राहायला आल्या होत्या. त्या रडल्या. मग एक तलाठी आला. तो ख्रिस्तीही नव्हता, नुसता गाण्याचा शौकीन. तो भांडून गेला.

एकेक शिष्य गेला की आई चुलीपुढे बसून म्हणायची, "तुमच्या हाताखाली देवदूत आला तरी पंख टाकून पळून जाईल." बाबा म्हणायचे, "चुकीचं वाजवलेलं देवानं का ऐकावं?" आणि इकडे अर्जाची मुदत जवळ येत चालली होती.

मला सगळ्यात जास्त चीड शिंप्याची यायची. रोज कळशी घेऊन जायचं, भांडं भरायचं, पोतं भिजवायचं आणि संध्याकाळी कोपऱ्यात बसून त्याची ती टीप ऐकायची. त्याच्या जागी मी असते तर, असं मनात यायचं. बाबांना तेव्हा दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला पाठवत, ते दिवस दिवस बाहेर असायचे, आणि चर्चची किल्ली माझ्याकडे. मी पेटीवर बसून बघायला लागले. पण पाय मारले तर आवाज होणार, आवाज झाला तर वस्तीला कळणार, आणि मग बाबांपर्यंत जाणार. म्हणून मी भात्याला पायच लावत नव्हते. नुसत्या पट्ट्या दाबायच्या. पेटी मुकी. सूर मी तोंडातल्या तोंडात म्हणायची आणि बाबांची बोटं कुठून कुठे जायची ते आठवून बोटं ठेवायची. पट्ट्यांची नुसती टकटक ऐकू यायची. कशासाठी करत होते म्हणाल, तर कशासाठी नाही. शिंप्यावरचा राग काढत होते.

मग सुगीची उपासना आली. दरवर्षी रब्बीचं पीक निघालं की लोक आपापल्या शेतातलं पहिलं धान्य, करडईचं बोचकं, कोंबडी, जे असेल ते चर्चमध्ये आणून ठेवतात आणि देवाचे आभार मानतात. त्या वर्षी पिकलं काहीच नव्हतं. तरी लोक आलेच. कुणी कणसाला दाणे न धरलेली ज्वारीची ताटं आणली, कुणी बाजारातून विकत आणलेला किलोभर हरभरा. कारभाऱ्यांनी सगळं नीट मांडलं आणि बाबांची वाट बघत बसले. बाबा आदल्या दिवशीच कामावरून परतायचे होते, पण एसटी वाटेत कुठेतरी बंद पडली होती. ऊन चढायला लागलं. लेकरं रडायला लागली. कारभारी म्हणाले, "आज बिनपेटीचंच म्हणू," आणि इतक्या खालच्या सुरात त्यांनी सुरुवात केली की बायकांना आवाजच काढता येईना.

माझ्याच्यानं ते ऐकवेना. मी उठले आणि पेटीवर जाऊन बसले.

पहिल्यांदा पाय मारले तेव्हा निघालेल्या आवाजानं मीच दचकले. इतके दिवस मुकी असलेली पेटी एकदम केवढ्यानं बोलली. पण बोटं चुकली नाहीत. मंडळी उठून उभी राहिली, गायला लागली, आणि दुसऱ्या कडव्याच्या सुमाराला मला दारात बाबा दिसले. अंगावर धुरळा, खांद्याला पिशवी. आता हात वर होणार म्हणून मी मान आखडून बसले. हात वर झाला नाही. गाणं शेवटापर्यंत गेलं. माझ्या आठवणीत आमच्या चर्चमध्ये सलग म्हटलं गेलेलं ते पहिलं गाणं.

उपासना संपल्यावर बाबा जवळ आले आणि म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात घाई केलीस." एवढंच. पण त्यांचे डोळे लाल झाले होते, आणि ते धुरळ्यानं नव्हते.

मंडळीचा आनंद काय विचारता. कारभारी पुढे आले, सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरुजी, तुमची काळजी मिटली. आता खुशाल लातूरला जावा. आपली पोरगी हाय की इथं पेटीला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिंप्यानं सगळ्यात जोरात वाजवल्या. बाबा हात जोडून म्हणाले, "हाव, देवानं सोय केली. उद्याच जातो कचेरीत." एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी फुगून गेले होते. बाबांचा अर्ज आता जाणार, मी शाळेत जाणार, आणि पेटीही चालू राहणार. इतकी सुंदर व्यवस्था लागली होती, की वाटेत बाबा स्वतःशी गुणगुणत चालले होते आणि मी त्यांची पिशवी घेऊन मागून उड्या मारत होते.

आईनं तेवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घरी आल्यावर तिनं भाकरी वाढल्या आणि विचारलं, "लातूरला कोण कोण चाललंय?"

"आपण," बाबा म्हणाले.

"आपण म्हंजी कोण कोण?"

"म्हंजी मी, तू, धाकटा..." आणि बाबा थांबले. हातातला घास हातातच राहिला.

"अन् हिला हितं पेटीपाशी ठेवून जायचं का?" आई म्हणाली. "मंग बदली कुनासाठी करून राहिलाव तुमी? धाकट्यासाठी? तो अजून पहिलीत बी न्हाई, बिगरीत हाय."

मला अजून राग येतो तो याचा. एवढी मोठी मंडळी, कारभारी, शिंपी, शिकलेसवरलेले माझे वडील, आणि मी स्वतः. भर चर्चमध्ये टाळ्या वाजवून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, की जिला शिकायला जायचंय तिलाच मागे ठेवायचं. आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. मी रडले नाही, भांडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. म्हणाले, तुमची पेटी फुटली तरी मला चालेल, मी उद्यापासून तिला पाण्याचा थेंब देणार नाही. आई मला गप्प करायला उठली नाही, यावरून काय ते समजा.

बाबा जेवण तसंच ठेवून उठले आणि बाहेर बाजेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते खरंच लातूरला गेले आणि अर्ज देऊन आले. पेटीचं काय, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या आयतवारी मंडळी सतरंजीवर बसली, तर पेटीचं झाकण बंद आणि बाबा आमच्यात खाली बसलेले. ते म्हणाले, "आजपासून बिनपेटीचं म्हणायचं. ढोलकी घ्या, झांजा घ्या." कारभारी गोंधळले. "पन गुरुजी, पोरगी वाजवती ना? मंग?"

"पोरगी शाळेत चाललीय," बाबा म्हणाले.

"दुसरं कुनी तयार हुईल की थोड्या दिवसांनी."

"न्हाई होणार. मी बघितलं करून." हे ऐकून शिंप्यानं मान खाली घातली. "तुमचे आजे-पणजे पेटी यायच्या आधी गातच होते ना? तसं गायचं."

मग सुट्टी लागेपर्यंत रोज संध्याकाळी त्यांनी मंडळीला बसवलं. सूर कुणी धरायचा, बायकांनी कुठे उचलायचं, कारभाऱ्यांनी कुठे गप्प राहायचं. तेवढे दिवस "थांबा" इतक्या वेळा झालं की लेकरं खेळतानाही एकमेकांना हात वर करून थांबवायला लागली. बदलीचा हुकूम आला. शेवटच्या आयतवारी मात्र बाबांनी एकदाही हात वर केला नाही. मंडळी घसरली. पहिल्याच ओळीत घसरली, आणि शेवटपर्यंत घसरतच गेली. बाबा ऐकत बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं मांडीवरच वाजवत होती. आई बायकांच्या बाजूला बसलेली, तिनं ते बघितलं आणि मान फिरवली.

पेटीचं पाणी त्याच्या आधीच बंद झालं होतं. ते बाबांनीच बंद केलं, मी नाही. एका सकाळी मी सवयीनं कळशी उचलली, तर म्हणाले, "राहू दे. आता कशाला?" त्या कळशीभर पाण्यानं आईनं माझं डोकं धुतलं. कित्येक आठवड्यांनी केस मोकळे झाले होते, आणि मला ते नहाणं जरासुद्धा गोड लागलं नाही.

लातूरला आलो तर तिथे नळ होता, पाणी नव्हतं. आईनं कपाळाला हात लावला आणि घागर घेऊन रांगेत उभी राहिली. तिथलं चर्च मोठं, वाजवणारा त्यांचा त्यांचा होता, आणि बाबांनी तिथे आपण वाजवतो हे कुणाला सांगितलंच नाही. मागच्या बाकावर बसायचे. वाजवणारा चुकायचा, गाणारे चुकायचे, बाबा समोर बघत राहायचे. घरीही तसंच. मी मुद्दाम बेसूर गुणगुणून बघितलं, तरी ते पेपर वाचत राहिले. माणूस आजारी पडला की आपण नाडी बघतो, तसं आई त्यांच्याकडे बघायला लागली. मला आधी बरं वाटलं, सुटलो म्हणून. मग बरं वाटेना. आणि मग त्यांचाच राग यायला लागला, की एवढं लागलंय तर बोलत का नाहीत.

माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी आई आणि बाबा दोघं मला सोडायला आले. जुन्या पातळातून निघालेला झगा, नवीन रिबिनी. मैदानावर मुलींच्या रांगा लागल्या होत्या, मी शेवटी जाऊन उभी राहिले. आई-बाबा फाटकाबाहेर थांबले. प्रार्थना सुरू झाली. एवढ्या मुली, एवढं मैदान, पुढच्या रांगा एकीकडे चालल्यात, मागच्या दुसरीकडे. मी चोरून फाटकाकडे बघितलं. बाबांनी फाटकाचे गज धरले होते.

नको, मनात म्हटलं, इथे नको, आज पहिला दिवस आहे. आणि त्याच वेळी, देवाशप्पथ सांगते, वाटत होतं की करा, एकदा करा.

फाटक करकरलं. बाबा चपला वाजवत सगळ्या मैदानातून चालत पुढे गेले, मोठ्या बाईंच्या शेजारी उभे राहिले आणि उजवा हात वर केला.

"थांबा."

सगळी शाळा थांबली. मोठ्या बाई तोंड उघडं ठेवून बघत राहिल्या. "मुलींनो," बाबा म्हणाले, "तिसऱ्या ओळीत घाई होऊन राहिली." शेजारच्या मुलीनं मला विचारलं, हे कोण गं? मी म्हटलं, मला काय माहीत. मला त्यांचा इतका राग जन्मात कधी आला नसेल. फाटकाबाहेर आई पदर तोंडात धरून हसत होती, आणि मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, कारण माझे डोळे भरून आले होते.